निघोज्यातल्या घराची चौदा झाडं

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी नऊ ते दुपारी दोनच्या दरम्यान, चाकणजवळच्या निघोज्यातल्या आमच्या घराभोवतीची चौदा झाडं तोडण्यात आली. झाडं वडिलांनी लावली होती. तोडणाऱ्याला बोलावलं तेही वडिलांनीच. आई त्या दिवशी मोशीला माझ्या घरी होती. तिनं तिथं थांबावं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, की वडिलांनी ठरवून तिला कळवलं होतं, याबद्दल दोघांचं म्हणणं आजही वेगळं आहे.

झाडं लावली त्याला सात वर्षं झाली होती. वडील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी निघोज्यात दोन गुंठे जागा घेऊन तीन खोल्या बांधल्या. त्याआधी आम्ही भोसरीत राहत होतो, दोन खोल्यांत. मागच्या भिंतीला लागून लोखंडी पत्रा दाबणाऱ्या प्रेसची शेड होती. आई लातूर जिल्ह्यातली, मोठ्या अंगणाच्या घरातली. भोसरीत तिनं सगळा संसार अंगणाशिवाय केला. शेवटच्या काही वर्षांत तिला दम लागू लागला. भोसरीतल्या डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं. निघोज्याला जाण्याचं मुख्य कारण तेच होतं.

तिची मागणी एकच होती. बाहेर बाज टाकून बसता येईल एवढी जागा हवी, आणि तिथं मोकळा श्वास घेता यावा.

जागा मिळाली, आडोसा मिळाला नाही. घराच्या पश्चिमेला कच्चा रस्ता होता. त्यावरून दिवसभर कंटेनर आणि ट्रेलर जात. मार्चनंतर वारा त्याच बाजूनं येई आणि धूळ थेट स्वयंपाकघरात. दक्षिणेला पत्र्याची शेड होती. तिथं लोखंडी भागांना पावडरचा रंग चढवायचं काम चाले. दुपारी दोननंतर त्या पत्र्यांची धग आमच्या अंगणात उतरत असे. पहिल्या उन्हाळ्यात आईनं गच्चीवर कुरडया घातल्या. संध्याकाळी उचलल्या तेव्हा त्यांच्यावर काळा थर होता. तिनं त्या पाण्यात टाकून पाहिल्या आणि म्हशीवाल्याला देऊन टाकल्या.

वडिलांनी झाडं लावायचं ठरवलं आणि ते काम कंपनीतल्या कामासारखं केलं. आलेखाच्या कागदावर घराचा आराखडा काढला. वाऱ्याची दिशा बाणानं दाखवली. महिनाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ सावल्या मोजल्या. पश्चिमेला दोन रांगा ठरल्या, पाच आणि चार, एकमेकींच्या फटी झाकतील अशा. दक्षिणेला पाचांची एक रांग. पूर्व आणि उत्तर मोकळी, सकाळचं ऊन यावं म्हणून. दोन रांगांच्या कोपऱ्यात आईच्या बाजेची जागा. ती त्यांनी चौकोन काढून दाखवली होती आणि आत ‘बैठक’ असं लिहिलं होतं.

कोणती झाडं, हा प्रश्न त्यांनी पाच मिनिटांत सोडवला. कंपनीच्या कुंपणाला आतून एक उंच हिरवी भिंत होती. ती दोन-तीन वर्षांत उभी राहिलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. पानगळ नाही, पाणी कमी, वाढ झपाट्यानं. बाहेरून तपासणीला येणारे पाहुणे त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढत. कंपनीच्या माळ्यानं काड्या पिशव्यांत रुजवून दिल्या. मी तेव्हा विचारलं होतं, हे झाड कोणतं.

“कंपनीतलं,” वडील म्हणाले.

घरात त्या झाडांना तेच नाव राहिलं.

शेजारी मूळ निघोज्यातल्या एक वयस्कर बाई राहतात. पत्र्याच्या शेडखालची जमीन त्यांचीच. आई त्यांना आक्का म्हणते. खड्डे घेतले त्या दिवशी त्या येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, लिंब लावा, आंबा लावा. ही कसली काडी लावताय?”

“आक्का, आंबा मोठा व्हायला दहा वर्षं जातात.”

“मग जाऊ द्या की! तुमाला कुटं शिफ्ट गाठायचीय आता?”

“हिला आत्ता सावली पाहिजे. दहा वर्षांनी नाही.”

“बगा बाबा. आमी आपलं अडाणी,” असं म्हणून त्या गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, “तुजा नवरा झाडंबी ओव्हरटाइमवर लावतोय.” आई हसताना पदर तोंडाला लावून खोकली, हे मला आठवतं.

झाडांनी वडिलांचा हिशेब चुकू दिला नाही. दोन वर्षांत ती कुंपणाच्या वर गेली, चौथ्या वर्षी गच्चीच्या. बाजेवर बसलं की रस्ता दिसत नसे. ट्रेलरचा आवाज येई, पण दबलेला. वडील भिंतीला लावलेल्या तापमापकाचा आकडा रोज दुपारी तीन वाजता पाहत. उन्हाळ्यात आतला आकडा फाटकाबाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असे. आईनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर आणि पुदिना लावला. कपडे अंगणात वाळू लागले. तिसऱ्या उन्हाळ्यापासून तिनं कुरडया खाली, झाडांच्या आत घातल्या. त्या पांढऱ्या राहिल्या. त्यातला एक डबा तिनं भोसरीतल्या जुन्या शेजारणीला मुद्दाम पाठवला.

वाईट गोष्टीही होत्या, त्या आम्ही किरकोळ धरल्या. झाडांच्या जवळ जमिनीत लावलेलं काही जगत नसे. मोगरा दोनदा वाळला. पाचव्या वर्षी नळाची पाइप फुटली. खणलं तेव्हा पाइपच्या आत मुळांचा झुपका होता. वडिलांनी पाइप बदलून ती दुसऱ्या बाजूनं नेली. आक्का एकदा वर पाहत म्हणाल्या, “येवढी झाडं, पन एक घरटं न्हाई. पाखरं खुळी हायेत का?”

पहिली दोन-तीन वर्षं आईचा दम कमी होता, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. पुढे तो परत कधी वाढू लागला, यावर नाही. माझ्या आठवणीप्रमाणे चौथ्या हिवाळ्यात. वडील म्हणतात पाचव्या. झाडांना दिवाळीच्या सुमारास बारीक हिरवट फुलं येत, मण्यांसारखी. हात लावला की पिवळसर भुकटी बोटाला लागे. आई सकाळी बाजेवरची भुकटी फडक्यानं पुसून मग बसत असे.

त्या वर्षांत मी एका दैनिकाच्या पिंपरी कार्यालयात उपसंपादक होतो. एका संध्याकाळी वृत्तसंस्थेकडून एक मजकूर आला. शेजारच्या राज्यानं कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड लावायला बंदी घातली होती. कारणं दोन दिली होती. मुळं जमिनीखालच्या पाइप आणि केबल फोडतात, आणि फुलांच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा वाढतो असं तज्ज्ञांचं म्हणणं आहे. मी मजकूर कापून अकरा ओळींचा केला, एका कॉलमचा मथळा दिला आणि आतल्या पानावर लावला. छायाचित्र नव्हतं. त्याच रविवारी मी निघोज्याला गेलो, झाडांखाली बसून जेवलो आणि परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात आईला रात्रीची झोप बसून काढावी लागू लागली. चाकणच्या छातीच्या डॉक्टरांनी एक लहान नळी दिली. जोरानं फुंकली की काटा पुढे सरकतो आणि आकडा दाखवतो. निरोगी माणसाचा आकडा बराच वर असतो. आईचा एकशे ऐंशीच्या आसपास होता.

“जन्मभर चूल फुंकली,” ती नळी उलटीसुलटी करून म्हणाली, “आता म्हातारपणी ही फुंकणी.”

डॉक्टरांनी घराचं सगळं विचारलं. स्वयंपाक कशावर, गाद्या किती जुन्या, शेजारी काय चालतं, जवळ झाडं कोणती. वडिलांनी फोनमधला अंगणाचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो बोटांनी मोठा केला.

“ही कोनोकार्पस आहेत ना?”

“कंपनीतली आहेत,” वडील म्हणाले.

मी तिथंच उभा होतो.

कातडीवर टोचून ॲलर्जीची तपासणी झाली. तपासणीच्या संचात गाजर गवत होतं, घरातली धूळ होती, बुरशी होती. या झाडाच्या परागांची बाटली त्या संचात नव्हती. डॉक्टर म्हणाले, संशय घेता येईल, खात्री देता येणार नाही. घरी आल्यावर मी जुने अंक काढून अकरा ओळींची ती बातमी वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. वर छापलेली तारीख पाहिली.

“ही तू लावलीस?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि अंक घडी घालून परत दिला.

कंपनीत वडिलांच्या विभागाचा एक नियम होता. ज्या मालाबद्दल शंका आहे, त्याला पिवळी पट्टी लावायची आणि तो बाजूला काढायचा. पट्टी लागलेला माल वापरायचा नाही आणि फेकायचाही नाही. आधी चाचणी घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौदाही झाडांच्या खोडांना पिवळ्या कापडाची पट्टी बांधली. आक्कांनी कुंपणावरून पाहिलं.

“भाऊ, हळद लावली काय झाडांना? लगीन कवा हाय?”

“चौकशी चालू आहे त्यांची,” वडील म्हणाले.

चाचणी अशी ठरली. पुढच्या दिवाळीपासून, म्हणजे फुलं असतील तेवढे महिने, आईनं मोशीला माझ्याकडे राहायचं. रोज सकाळ-संध्याकाळ नळी फुंकायची. आकडा मी वडिलांना फोनवर सांगायचा, ते तक्त्यात भरणार. माझं घर सातव्या मजल्यावर आहे. आईला तिथं करमलं नाही. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि खालच्या गाड्या पाहत असे. पण आकडा चढला. डिसेंबरच्या शेवटी तो दोनशे चाळीस झाला. ती रात्री आडवी झोपू लागली.

जानेवारीत वडील तक्ता घेऊन मोशीला आले. मला वाटलं, ते समाधानी असतील. त्यांनी तक्ता टेबलावर पसरला आणि त्याच्या खाली पेन्सिलनं लिहिलेलं वाक्य दाखवलं: ‘चाचणी बाद. दोन घटक एकाच वेळी बदलले.’ मोशीत झाडं नव्हती, पण सातव्या मजल्यावर रस्त्याची धूळही नव्हती. आकडा कशामुळे चढला, हे तक्त्यावरून सांगता येत नव्हतं. आपल्याकडून अशी चूक कशी झाली, हे त्यांना समजत नव्हतं. नवीन आलेल्या पोरांना ते पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट शिकवत असत.

“आता?” मी विचारलं.

“धूळ बंद करणं आपल्या हातात नाही. झाडं आहेत.”

आई आतून बाहेर आली. “आवं, काय बोलू लालाव तुम्ही? झाडं काढली तर मी बसू कुठं?”

“दम गेला तर कुठंही बसशील.”

“आन नाही गेला तर?”

“तर कळेल की झाडांचा दोष नव्हता.”

“कळून काय करू मी?” आई म्हणाली. “कागदावर लिव्हायचं का?”

वडिलांनी तक्त्याची घडी घातली. आईनं त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं, पण त्यांच्यासमोर बसली नाही.

तोडणारे गृहस्थ चाकणचे होते. लाकडाचं काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. स्वतःचं कापायचं यंत्र आणि टेम्पो घेऊन ते मुलासह आले. वडिलांनी क्रम सांगितला, आधी दक्षिणेची रांग, मग पश्चिमेची बाहेरची, शेवटी आतली. यंत्र चालू झाल्यावर एका झाडाला दहा मिनिटंही लागली नाहीत. साडेअकराच्या सुमारास पश्चिमेची बाहेरची रांग पडली आणि फांद्यांच्या फटींतून रस्ता दिसू लागला. वाहतूक तुंबली होती. एका ट्रेलरचा चालक खिडकीतून आमच्या अंगणातली बाज, दोरीवरचा टॉवेल, पुदिन्याचे डबे पाहत होता.

दोन झाडं उरली तेव्हा त्या गृहस्थांनी यंत्र थांबवलं.

“चाचा, एक तरी राहू द्या की. दरवाजा पार उघडा पडला तुमचा.”

“एका लॉटमधला एक पीस ठेवून चालत नाही,” वडील म्हणाले.

“माल नाही हो हा, झाड आहे.”

“मला माहीत आहे.”

यंत्र परत चालू झालं. लाकूड नेताना ते म्हणाले, याचं काही होत नाही, ना दार ना खिडकी, फार तर जळण. पिवळ्या पट्ट्या वडिलांनी आधीच सोडून घेतल्या होत्या. बुंधे परत फुटू नयेत म्हणून त्यांनी त्यांवर जाड काळं प्लास्टिक बांधलं. मी मदत करू लागलो तर ते म्हणाले, “तू ऑफिसला जा.”

आई होळीनंतर परत आली. फाटकाशी रिक्षा थांबली तरी ती उतरली नाही. “आपलं हेच का?” तिनं मला विचारलं. मग उतरली आणि सरळ घरात गेली. बाज वडिलांनी उत्तरेच्या भिंतीला लावली होती. तिथं ती सकाळी तासभर बसायची. नंतर ऊन येई, आणि रस्त्यावरून सगळं दिसे. वडिलांनी बांबू रोवून पश्चिमेला हिरवी जाळी बांधली. ती आठव्या दिवशी वाऱ्यानं मधोमध फाटली. त्यांनी शिवली. परत फाटली. आक्का एकदा पाण्याला आल्या होत्या. अंगणाकडे पाहून त्या आईला एवढंच म्हणाल्या, “आता आमचं पत्र्याचं खोपाट दिसतंय तुला समदं.”

पहिले तीन आठवडे आकडा दोनशेच्या वर होता. वडील रोज तो मोठ्यानं वाचत. नंतर तो दोनशेच्या खाली आला आणि त्यांनी मोठ्यानं वाचणं बंद केलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी चारच्या सुमारास वावटळ आली. रस्त्यापलीकडच्या जागेत नव्या शेडसाठी खोदकाम चालू होतं. तिथली माती उठली आणि घरात आली. वडील खिडक्या लावत होते. आई मागच्या दोरीवरचे कपडे काढायला गेली होती. ती कपडे घेऊन आत आली, खुर्चीवर बसली आणि तिला बोलता येईना. वडिलांनी शेडमधल्या एका कामगाराच्या गाडीतून तिला चाकणला नेलं. चौकात गाड्या अडकल्या होत्या. एरवी वीस मिनिटांचा रस्ता, एक तास दहा मिनिटं लागली. मी पोहोचलो तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. वडील दाराबाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या मांडीवर आईनं दोरीवरून काढलेली उशीची खोळ होती. ती त्यांच्या हातात कशी आली, त्यांना सांगता येईना.

ती पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांना वडिलांनी विचारलं, “झाडं तर नव्हती. मग?”

“धूळ होती. शेजारच्या रंगाचीही असू शकते. आधी परागही असतील. तिन्ही असू शकतं.”

“कोणतं किती, हे सांगता येईल?”

“नाही. तुम्हाला घर बदलता येईल का?”

दवाखान्यातून आई मोशीला आली. वडिलांनीही यावं, असं मी सुचवलं. ते म्हणाले, जून तोंडावर आला आहे, खड्डे घ्यायचे आहेत. त्यांनी रोपवाटिकेतून करंज आणि बकुळ आणली. या वेळी प्रत्येक रोपाचं नाव, ते कुठून आलं आणि त्याला फुलं कधी येतात, हे आधी लिहून घेतलं. नऊ रोपं पश्चिमेला, जुन्या बुंध्यांच्या मधल्या जागेत. करंजाला आडोशाएवढं व्हायला सहा-सात वर्षं लागतील असं रोपवाटिकेत सांगितलं. वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, आई चौसष्ट.

“तुम्ही या मोशीला, रोपांना पाणी मी घालून येईन आठवड्यातून दोनदा,” मी त्यांना म्हटलं.

“लहान रोपाला रोज बघावं लागतं,” ते म्हणाले. “आडोसा झाल्याशिवाय ती येणार नाही. मी इकडे आलो तर आडोसा होणार नाही.”

आईला हे मी तसंच सांगितलं. ती मेथी निवडत होती. “सहा वर्षं म्हणं?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “बरं,” ती म्हणाली.

आता वडील दर शनिवारी दुपारी मोशीला येतात. येताना आईची औषधं आणतात. रविवारी सकाळी तिघं गॅलरीत चहा घेतो. नळी ती अजून फुंकते, आकडा दोनशे दहा ते दोनशे तीसच्या मध्ये असतो. दोन रोपं वाळली, त्यांच्या जागी नवी लावली, असं त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितलं. निघोज्याला परत कधी जाता येईल, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेलो. पावणेसहाची बस दहा मिनिटं उशिरा आली. ते एकटेच चढले.